गुणामावशींचा जबाब

वीरभद्रप्पा माझा उदगीरचा शेजारी. बँकेत नाहीतर फायनान्स कंपनीत नोकरीला लागणाऱ्या पोरापोरींनी अर्जात लिहिलेलं खरं की खोटं, हे बघायचं काम तो करतो. हैदराबादहून कुणीतरी मोबाइलवर नाव-पत्ता पाठवतं, हा गाडीला किक मारतो, त्या गावी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो आणि ऐकलं ते कळवतो. लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराच भाग त्यानं असा पालथा घातलाय. आपण ऐकलं त्याच्या पलीकडं एक अक्षर लिहीत नाही, याचा त्याला फार तोरा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्या माणसाला विचारतो, "तुम्ही नवरदेवाला किती वर्षांपासून वळखता?"

त्याच्या कंपनीचा एक नियम आहे. कशासाठी आलो ते शेजाऱ्यांना सांगायचं नाही, कारण नोकरीचं नाव काढलं की लोक तोंड भरून कौतुक करतात म्हणे. हा नियम करणाऱ्याला एकदा आमच्याकडं आणून उन्हात उभं केलं पाहिजे. इथं कारण न सांगता पोरीची चौकशी केली की लोक त्याचा एकच अर्थ काढतात.

तुळशीचं लग्न लागून गेलं होतं. वीरभद्रप्पा एका खेड्यात निघाला होता, माझी बहीण त्याच गावात दिलेली, म्हणून मीही मागं बसलो. शिल्पा नावाच्या मुलीला नांदेडच्या एका फायनान्स कंपनीत नोकरी मिळायची होती. आधी दोन वर्षं लातूरला बचतगटांची वसुली केली, असं तिनं लिहिलेलं. ती जुनी कंपनी गाशा गुंडाळून गेली होती. ऑफिसला कुलूप, फोन बंद. मग राहिली शेजाऱ्यांची साक्ष. ती उलटी गेली तर ही नोकरी तर जाणारच, वर खोटारडी म्हणून दुसरीही कंपनी तिला दारात उभी करणार नाही.

शिल्पाच्या घराला लागून गुणामावशींचं घर. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. वीरभद्रप्पाच्या कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, सोबत माझ्यासारखा पिकल्या केसांचा माणूस. मावशींनी लगेच पदर सावरला आणि आत चहा टाकायला सांगितला.

"शेजारची शिल्पा कशी हाय?" अप्पानं विचारलं.

"गाय हाय ओ गाय! भाकरी बघावी तिच्या हातची."

"लातूरला नोकरीला होती म्हणं?"

"नोकरी? कुणी सांगितलं? पोरीनं कधी उंबरा वलांडला न्हाई."

"गाडी चालवती का?"

"छ्या! सायकलसुदीक येत न्हाई." शेजारच्या अंगणात स्कूटी उभी होती. मावशींनी तिच्याकडं पाठ केली.

वीरभद्रप्पा मोबाइलवर लिहायला लागला. मी त्याची बाही ओढली. "अप्पा, बाई सोयरीक समजून बोलायली."

"समजू दे. मी ऐकलं ते लिहितो."

माझं डोकंच सणकलं. असलं खरं काय चाटायचंय? नियम त्याच्या कंपनीचा, माझ्या नव्हे. मी मावशींना सरळ सांगून टाकलं, की आम्ही पोराकडचे नाही, हिच्या नोकरीसाठी आलोय.

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बाई! मागलं स्थळ माझ्याच तोंडानं मोडलं की ओ. कवतिकानं सांगितलं, पोरगी गाडीवर गावंच्या गावं फिरती, तर माणसं चहा न घेता उठली. तवापासून कुणी विचारलं की मी न्हाईच म्हणते. आता रविवारी देगलूरची माणसं यायलीत."

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. शिल्पाही येऊन दारात उभी राहिली होती.

"पण मावशी, असं खोटं सांगू नये," वीरभद्रप्पा म्हणाला. हे तो न बोलता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला पोरगा हाय?" मावशींनी विचारलं.

"हाय."

"लग्नाचा?"

"हाव."

"मग गाडीवर फिरून वसुली करणारी सून चालंल का? तुम्ही आधी खरं बोला, मग मी बोलते."

अप्पाच्या घरी काय चाललंय ते मला ठाऊक होतं. त्याच्या पोरासाठी, संगमेशसाठी, आलेली नोकरीवाल्या मुलींची स्थळं त्यानंच परत लावली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "न्हाई, मावशी. आजवर न्हाईच म्हणलो." खोटं बोलून सुटू शकला असता, पण बोलला नाही. त्या घडीला मला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला.

"मग माझं काय चुकलं?"

शिल्पा पुढं आली. "मावशी, खरं सांगा. सगळ्यांसमोर सांगा. देगलूरला कळलं तर कळू द्या. मला ही नोकरी पायजे."

मावशींनी तिच्याकडं पाहिलं, टरफलं झटकली आणि उठल्या. "लिहा तुमच्या त्या मोबाइलवर."

आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही शिल्पा. दोन वर्षं रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत गाडी काढून लातूरला जायाची. उन्हातान्हात फिरली, कुणाचा एक रुपाया इकडचा तिकडं केला न्हाई. मघा मी खोटं बोलले, ती न्हाई. हे तुमच्या कंपनीला सांगा, साहेब. अन् घरी गेल्यावर तुमच्या मंडळींनाबी सांगा."

कंपनीला त्यानं त्याच संध्याकाळी कळवलं. शिल्पा आता नांदेडला नोकरी करते. देगलूरची माणसं काही आली नाहीत. आणि घरी सांगायचं वीरभद्रप्पाकडून अजून झालेलं नाही. संगमेशसाठी परवाच एका बँकेतल्या मुलीचं स्थळ आलं होतं, तेही यानं परत लावलं.