कुर्माघराचं दार

वरोऱ्याच्या स्टँडवर अब्बांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवून घेतली आणि शेवटचं विचारलं, "कॉलेजात शिकव ना, बेटा. जंगलात काऊन जाऊन राह्यली?" अब्बा शिंपी. मानववंशशास्त्र म्हणजे काय, हे मला त्यांना धड सांगता आलं नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातली एकही मुलगी तोवर एकटी चंद्रपूरच्या पुढं गेली नव्हती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. संशोधनासाठी भामरागडपलीकडच्या एका माडिया आदिवासी गावात जुरीबाई नावाच्या बाईच्या घरी माझी सोय झाली. माझ्या प्रश्नांना पुरुष उत्तरं देत. बायका हसून कामाला लागत. आधी येऊन गेलेल्या संशोधकांनी बायकांबद्दलही पुरुषांनाच विचारून लिहिलेलं होतं.

पावसाळ्यात नदी चढली, रस्ता बंद झाला आणि माझी पाळी आली. त्या दिवसांत बाईनं गावाबाहेरच्या झोपडीत, कुर्माघरात, राहायचं अशी तिथली रीत. एव्हाना मला माडिया बोली कळू लागली होती. जुरीबाई म्हणाली, "तू पाहुणी. तुले जबरदस्ती नाई." मी चटई उचलली आणि गेले.

छप्पर गळत होतं. आत सोमी नावाची बाई होती. पहिला प्रश्न तिनंच केला, "तुमच्यात कुठी बसवते?"

"घरातच. फक्त नमाज पढत नाही."

तिनं माझी चटई गळतीखालून ओढून कोरड्या जागी टाकली. मग म्हणाली, "इथी आराम भेटते. पण माझी बहीण इथीच तापानं मेली. दार जंगलाकडं, तिची हाक कोणाले गेली नाई."

पुढच्या उन्हाळ्यात झोपडी नव्यानं बांधायची होती. दार गावाकडं हवं, असं सोमी भर बैठकीत बोलली. गावचा पुजारी विटाळाच्या भीतीनं तयार नव्हता. संशोधकानं मध्ये पडू नये, असं मला शिकवलेलं. तरी मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले. मग जुरीबाई आली, मग बाकीच्या. दार फिरलं.

आता दिल्लीत डिपार्टमेंट आहे, फ्लॅट आहे. अब्बा गेल्यावर एका हिवाळ्यात अम्मीला त्या गावी नेलं. तिला माडिया येत नाही, जुरीबाईला हिंदी-मराठी नाही. दोघी शेकोटीपाशी बसून राहिल्या. परतताना गाडीत अम्मी म्हणाली, "तेरे घर के लोग अच्छे हैं."

मी इतकी वर्षं त्या गावाला 'फिल्ड' म्हणत होते. आता सुट्टीत कुठं जाणार असं कुणी विचारलं, की मी 'घरी' म्हणते. वरोऱ्याला उतरायचं की पुढं भामरागडला जायचं, ते त्या त्या वर्षी ठरतं.