माल प्लेटिंगला गेलाय

बॉडी चॅसिसवर बसत नव्हती. एवढं एकच वाक्य, पण गेली काही वर्षं ते मी कोणापुढे उच्चारलेलं नाही. कोणी विचारलं, "त्या इंजिनाला एवढा उशीर का झाला हो?" की मी पोलादाच्या टंचाईवर, बाहेरच्या कामांवर, कशावरही ढकलायचो आणि विषय बदलायचो. घोटीचे एकनाथ भोर, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, ते मागच्या वर्षी गेले. आता तरी जे झालं ते जसंच्या तसं लिहायला हवं.

अंबड एमआयडीसीत माझं टूलरूम होतं. टूलरूम म्हणजे जिथे डाय बनतात. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचं, थंड झालं की वस्तू बाहेर. आयुष्यभर मी मोटारींच्या भागांचे डाय केले. उतारवयात भाचा नितीन भागीदार झाला आणि त्याच्या डोक्यातून मॉडेल रेल्वे निघाली. ही खेळणी नव्हेत. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी, विजेवर चालणारी, खिडकीच्या जाळीपर्यंत हुबेहूब प्रतिकृती. मोठी माणसं हौसेने जमवतात. आम्ही निवडलं कसारा घाटातलं जुनं बँकर. बँकर म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन. कसाऱ्याला लावायचं, इगतपुरीला सोडायचं.

हे काम प्री-ऑर्डरवर चालतं. माल तयार व्हायच्या आधी लोक नाव नोंदवतात, त्यांच्या भरवशावर आपण डाय कापायला घेतो. गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, आपला शब्द घेतं. नितीनने शब्द दिला दिवाळीचा.

बाकी सगळ्यांनी फोनवर नोंदणी केली. नाना एसटीने आले. त्यांनी नोकरीची बरीच वर्षं बँकरवर ड्रायव्हर म्हणून काढली होती.

"आमचं इंजिन कायम गाडीच्या मागं," ते म्हणाले. "डब्यातल्या माणसाला ठावंच नसायचं, आपल्याला कोण ढकलतंय. आता म्हणं त्याचंच मॉडेल करताय. लय भारी काम हाय, साहेब."

मग सहज बोलल्यासारखं सांगितलं, की काचबिंदू झालाय. बाजूचं दिसेनासं झालंय, समोरचं तेवढं उरलंय, आणि तेही कमी होत चाललंय. "डॉक्टर म्हणतो, थेंब घालत राहा, पण गेलेलं परत येत नाय. बोगद्यातून बाहेर बघावं तसं दिसतं. ते बी मिटायच्या आत एकदा आमचं इंजिन बघायचंय. खरी तर भंगारात गेली."

"दिवाळीला हातात देतो," मी म्हणालो.

आता चुकीकडे येतो. प्लास्टिक थंड होताना आकसतं. म्हणून डाय वस्तूपेक्षा किंचित मोठा कापतात. याला आम्ही श्रिंकेज देणं म्हणतो. माझ्या काळात ड्रॉइंगमध्ये वस्तूचं खरं माप यायचं आणि श्रिंकेज डायमेकर स्वतः त्यात मिळवायचा. नितीनने ड्रॉइंग कॉम्प्युटरवर केलं होतं आणि श्रिंकेज त्यातच धरलं होतं. मी न विचारता, हाताच्या सवयीने, ते दुसऱ्यांदा वर मिळवलं. ट्रायलच्या बॉड्या, म्हणजे इंजिनाची वरची कवचं, आल्या त्या लांबीला साधारण एक मिलिमीटर जास्त. नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं. पण खालच्या चाकांच्या चॅसिसवर ठेवली की खटका लागायचा नाही आणि बॉडी डुगडुगायची.

डायमधून धातू काढता येतो, परत घालता येत नाही. म्हणजे नवं पोलाद, नवा डाय. काही कामं बाहेर करून घ्यावी लागतात, आणि तिथे मोटारींच्या मोठ्या ऑर्डरी रांगेत पुढे. दिवाळी गेली.

लोकांना काय सांगायचं, असं नितीनने विचारलं.

"सांग, माल प्लेटिंगला गेलाय."

"मामा, बॉडी प्लास्टिकची आहे."

"हँडरेलचे दांडे पितळी आहेत ना? त्यांना प्लेटिंग लागतंच."

प्लेटिंग म्हणजे धातूवर चढवायचा मुलामा. पण एमआयडीसीत 'माल प्लेटिंगला गेलाय' याचा अर्थ 'माल झालेला नाही' एवढाच असतो. प्लेटिंगवाला दुसरीकडे, त्याच्याकडे कायम गर्दी, तिथे जाऊन बघणार कोण? सांगणारा सांगतो, ऐकणारा समजून घेतो, पुढच्या आठवड्यात दोघं तेच वाक्य एकमेकांची जागा बदलून बोलतात. मीही हे शेकडो वेळा ऐकलंय आणि रागावलो नाही. पण नाना एमआयडीसीतले नव्हते. त्यांनी ते खरं मानलं.

त्यांचे फोन यायचे. "साहेब, आलं का प्लेटिंगवरून? दिवाळी म्हणला व्हता, पण कुठली ते नाय सांगितलं." हसायचे. "आमच्याकडं सिग्नल, तुमच्याकडं प्लेटिंग. माणसानं उभं राहायचं."

उन्हाळ्याच्या तोंडावर ते इंदिरानगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते. तिथून रिक्षा करून थेट टूलरूमवर. बरोबर त्यांची बायको, काशीबाई. नाना दारात थबकले, मग काशीबाईंच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. मी स्टूल दिलं. स्टुलाच्या मागेच रिजेक्शनची क्रेट होती आणि त्यात त्या बॉड्या. काही आम्ही रंग तपासायला रंगवल्याही होत्या.

"पुरं नसंल झालं तर नसू द्या," नाना म्हणाले. "सांगाडा तरी दाखवा. अजून थोडं दिसतंय."

"यांना रातभर झोप नाय," काशीबाई म्हणाल्या. "लग्नात मला बघायला बी एवढी घाई केली नव्हती."

नाना हसले. नितीनने माझ्याकडे बघितलं. हात लांब केला असता तर बॉडी मिळाली असती. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हे गावात कोणाला सांगतील, कोणी फोटो काढेल, तो हौशी लोकांच्या ग्रुपवर जाईल, ऑर्डरी रद्द होतील. हे सगळं खरं होतं, पण नुसतं निमित्त होतं. खरं कारण असं, की जन्मभर डाय करून मी पोरासारखी चूक केली होती, आणि तिचा पुरावा मला कोणाच्या हातात द्यायचा नव्हता. ज्याला ती दिसलीही नसती त्याच्याही.

"नाना, सगळंच प्लेटिंगला गेलंय," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

नितीन म्हणाला, "मामा, एक बॉडी बाजूला ठेवतो. संध्याकाळी मी घोटीला नेऊन देतो."

"रिजेक्ट माल दाराबाहेर जात नाही."

हा माझाच नियम होता. दुसऱ्या दिवशी मी उभं राहून क्रेट ग्राइंडरमध्ये रिकामी करवली. प्लास्टिकचा चुरा करून परत वापरतात.

नवा डाय अचूक निघाला. पावसाळा संपता संपता पहिला लॉट पॅक झाला, आणि नानांचं इंजिन द्यायला मी स्वतः गेलो. भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती. नाना ओटीवर बसले होते. मी आल्याचं त्यांना काशीबाईंनी सांगावं लागलं.

खोका मी उघडला. त्यांनी इंजिन मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"रंग कसा दिलाय गं?"

"तांबडा. अन् पिवळा पट्टा."

"पट्टा खिडकीखाली हाय का वर?"

"खाली."

"बरोबर हाय." बराच वेळ ते बोटं फिरवत राहिले. मग माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "त्या टायमाला आलो व्हतो ना साहेब, तवा दिसलं असतं बघा. पण तुम्ही तरी काय करणार? प्लेटिंगवाल्यानं अडवल्यावर."

प्लेटिंगवाल्याने काही अडवलं नव्हतं. नाना टूलरूमवर आले तोवर त्याच्याकडे आमचा एक दांडासुद्धा गेला नव्हता. पुढे हँडरेल दिले, तेव्हा त्याने लगेच करून दिले. त्याने एक इंजिन स्वतःला घेतलं आणि ते सगळंच आपण केल्यासारखं अभिमानाने मित्रांना दाखवतो, असं नितीन सांगतो.

ऑर्डरी रद्द झाल्या नाहीत. मॉडेलचं कौतुक झालं. या धंद्यातल्या नव्या लोकांना माझा सल्ला एवढाच: श्रिंकेज कोणी धरलंय ते आधी विचारा, आणि उशीर झाला तर का झाला ते सांगा. ऐकणारा थांबतो. निदान काय करायचं ते त्याचं त्याला ठरवता येतं.

त्या दिवशी ओटीवर मी बोलायचं ठरवलं होतं. घोटीपर्यंत सगळ्या रस्त्यात वाक्य जुळवत गेलो होतो.

"नाना, एक सांगायचं राहिलंय."

"सांगा ना," ते म्हणाले. हात इंजिनावरच होते.

"धूळ बसू देऊ नका," मी म्हणालो. "ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ ब्रश वापरा."