टाकी कशानं मेली

माझ्या भावोजींना अख्खी वसाहत गटारगुरुजी म्हणते, आणि तेही तोंडावर. वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून सांडपाण्याचा प्लांट आहे, तो ते चालवतात. सगळ्या घरांचं मोरी-संडासाचं पाणी तिथल्या टाकीत येतं, टाकीतले जिवाणू त्यातली घाण खातात आणि निवळलेलं पाणी परत संडासांना नि झाडांना जातं. जिवाणूंना हवा लागते, म्हणून यंत्राची घरघर अष्टौप्रहर चालू. भावोजी त्यांना 'मंडळी' म्हणतात. 'आज मंडळी खूश आहेत' असं जेवताना सांगणाऱ्या माणसाबरोबर माझ्या ताईनं उभा संसार कसा केला, याचं मला कायम नवल वाटत आलंय.

ताईच्या फुप्फुसात जंतूंनी घर केलं होतं. औषधं भारी होती आणि महिनोन्महिने घ्यायची होती. भावोजी ती नेमानं आणून द्यायचे. तरी ती गेली. मी त्यांच्याकडे राहायला आले. दुसऱ्याच दिवशी हा माणूस डबा घेऊन कामावर गेला. डोळ्यांतून टिपूस नाही. घरी आल्यावर ताईचं कपाट आवरायचे, वाढलेलं जेवायचे, झोपायचे. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. त्यांनी निमूट खाल्ली. मीही खाल्ली. खरं सांगायचं तर रडू मलाही येत नव्हतं. मला नुसता राग येत होता, आणि तो काढायला समोर तेच होते.

मग एक दिवस वसाहतभर वास सुटला. ते डबा विसरून गेले होते, तो द्यायला म्हणून मी प्लांटवर गेले. टाकीतलं पाणी एरवी कॉफीच्या रंगाचं असतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. त्या दिवशी ते राखाडी झालं होतं आणि वर पांढरा फेस आला होता. भावोजींनी काचेच्या उंच भांड्यात थोडं पाणी घेऊन ठेवलं होतं. मंडळी जिवंत असली तर गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसतं. इथे काहीच खाली बसत नव्हतं.

"मेली मंडळी," ते म्हणाले. दूधवाला आला नाही, असं सांगावं तसं.

"कशानं?"

"कुणीतरी काहीतरी ओतलंय."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि तिथेच जेवायला बसले. माझं तर डोकंच फिरलं. बायको गेली तरी तोच चेहरा, टाकी मेली तरी तोच!

संडासांना पाणी मिळेना. टँकर मागवावे लागले. लोकांना खापर फोडायला डोकं हवं होतं, ते लगेच सापडलं. जिने पुसणाऱ्या मावशींच्या खोलीमागे अ‍ॅसिडचा रिकामा कॅन निघाला. अध्यक्षांनी ठरवूनच टाकलं की मावशींनी आळस करून अ‍ॅसिड मोरीत ओतलं. त्यांना जिन्यांवरून काढायचं, म्हणजे ज्या घरांतली भांडी त्या घासायच्या तीही कामं जाणार. पोरीच्या शाळेपासून घरभाड्यापर्यंत मावशींचं सगळं याच वसाहतीवर चालायचं.

रविवारी सकाळी सभा भरली. मावशी दाराशी उभ्या होत्या. "मी संडासाला झाकणभर वापरते हो, जास्त नाही," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ऐकून कोण घेतो?

"गुरुजी, तुम्हीच सांगा," अध्यक्ष म्हणाले. "एका दमात सगळी टाकी मरते, ती कशानं?"

भावोजी उभे राहिले आणि नेहमीच्या सुरात सुरू झाले. "अ‍ॅसिडचा एखादा कॅन एवढ्या पाण्यात विरून जातो. त्यानं नाही मरत. रंगाचं थिनर असतं तर वास राहिला असता. ब्लीचिंगचाही आला असता. मग राहतं औषध. जंतू मारायचं औषध असेल आणि ते भरपूर..."

ते थांबले. मला वाटलं, पुढचा शब्द आठवत नसेल.

"मावशींना सोडा," ते म्हणाले. "मीच ओतलं."

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आमच्या घरातलं होतं. तिचं. कपाट आवरताना निघालं. एकेक फोडून संडासात ओतत गेलो. कुठे ओततोय ते डोक्यातच आलं नाही."

अध्यक्ष वरमले. समजूत काढायच्या सुरात म्हणाले, "अहो, असं मनाला लावून घेऊ नका. उरल्यासुरल्या औषधानं एवढी टाकी मरेल होय?"

"उरलेलं नव्हतं," भावोजी म्हणाले. "सगळं होतं. सील न फोडलेले डबेच्या डबे. मी आणून द्यायचो आणि ती कपड्यांच्या मागे ठेवून द्यायची."

मावशींनी दाराशेजारची खुर्ची ओढून भावोजींजवळ आणून ठेवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्याच सपाट आवाजात ते अध्यक्षांना सांगत राहिले की नदीपलीकडच्या प्लांटवरून टँकरभर जिवंत गाळ आणून विरजणासारखा सोडावा लागेल, थोडे दिवस लागतील, पण टाकी धरेल. मग ते माझ्याकडे वळले.

"तुला बोलली होती का गं काही?"

"नाही, भावोजी."

मी ताईला रोज दुपारी फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला, औषध घेतलंस का? घेतलं, म्हणायची, आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची.