फ्लेम फोटोमीटरवरचा अर्धा तास

त्या वर्षी पाऊस नव्हता. श्रीरामपूरकडच्या आमच्या वस्तीजवळच्या ओढ्यात साखर कारखान्याचं सांडपाणी येई आणि ओढ्याकाठची विहीर खारट झाली होती. कारखाना म्हणायचा, तिथली जमीनच खारट, पाणी पहिल्यापासून असंच. शुक्रवारी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती. तिथे घोषणा चालणार नव्हत्या. त्याच जमिनीतल्या, ओढ्यापासून लांबच्या वरच्या गोड विहिरीत सोडियम किती आणि ओढ्याकाठच्या विहिरीत किती, असे दोन आकडे लागणार होते.

ते मोजणारं यंत्र, फ्लेम फोटोमीटर, आसपास एकच होतं, एका संशोधन केंद्रात. तिथल्या सगळ्या विभागांना पाळीने मिळे. वेळ छापील अर्जावर मागायची. 'कामाचे प्रयोजन' या रकान्यात मी लिहिलं, 'शेतकऱ्यांवरील अन्यायाचे निवारण'. कारकुनाने अर्ज परत केला.

"हे यंत्र सोडियम मोजतं," तो म्हणाला. "अन्याय मोजायचा काटा त्याला नाही."

मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: जनतेच्या पैशाचं यंत्र, सेवा कुणाची? केंद्राच्या फाटकावरच वाटलं. नंतर नवा अर्ज भरला आणि गुरुवारी सकाळचा अर्धा तास मिळाला. पत्रकामुळे मिळाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर एका विद्यार्थ्याने आपल्या पाळीतला वेळ सोडला होता. त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

ज्यांची विहीर बिघडली ते मामा माझ्याबरोबर आले होते. बाटल्या त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधून मांडीवर धरून आणल्या. यंत्र चालवणारे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "या कार्यकर्ते. पत्रक वाचलं तुमचं. बसा."

बारीक नळी पाण्यात बुडाली, निळी ज्योत पिवळी झाली, काटा सरकला. त्यांनी आकडा लिहिला. दुसऱ्या बाटलीलाही तसंच. मग त्यांनी दोन्ही परत लावल्या आणि पेन खाली ठेवलं. वरच्या गोड विहिरीचा आकडा ओढ्याकाठच्या विहिरीपेक्षा जास्त होता.

"बाटल्या कशाच्या होत्या?"

"रॉकेलच्या. पण स्वच्छ धुतल्यात. धुण्याच्या सोड्यानं, मी स्वतः."

"आणि नंतर किती पाण्यानं?"

दुष्काळात बाटल्यांवर किती पाणी ओतणार? एकदा विसळल्या होत्या. त्यांनी सांगितलं की सोड्यात सोडियमच असतं. यंत्राने माझा सोडा मोजला.

वेळ संपत आली होती. मी म्हणालो, "खालच्या विहिरीचा तेवढा लिहून द्या."

"देतो की. नोंदवहीत मात्र दोन्ही राहतील."

मामांनी बाटल्या परत फडक्यात बांधायला घेतल्या. म्हणाले, "नगं. पानी खारं हाय ते मी चाखलंय, मला ठावं हाय. ह्यो आकडा सोड्याचा हाय. उद्या कारखानेवाल्यांनी धरला म्हंजे माझं पानी बी खोटं ठरंल."

"मामा, उद्या सुनावणी आहे."

"म्हनूनच सांगतोय."

मी वाद घालणार होतो. पुढच्या पाळीचा माणूस दारात येऊन उभा राहिला, म्हणून उठलो. त्या आठवड्यात यंत्राला दुसरी मोकळी वेळ नव्हती.

सुनावणीत मी सांगितलं, बाटल्या मी सोड्याने धुतल्या, नमुने वाया गेले, मुदत पाहिजे. कारखान्याचे वकील हसले. प्रांतसाहेब हसले नाहीत. त्यांनी महिन्याची मुदत दिली.

बाहेर झाडाखाली वस्तीतल्या बाया थांबल्या होत्या. मामांच्या सुनेनं विचारलं, "म्हंजे आजून म्हयनाभर वरच्या हिरीवरनंच पानी वाहायचं?"

"व्हय," मामा म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "दादा, मग तुमी बी येत जा की. एक हंडा रिकामा हाय आमच्याकडं."

चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी खांदा आखडला म्हणून घरी राहिलो, तर ती माझ्या दारात तोच रिकामा हंडा ठेवून विहिरीच्या वाटेने पुढे गेली.