दातांनी ऐकणारे मामा

जासईच्या रस्त्यावर बंदराचे कंटेनर दिसू लागण्याआधीची गोष्ट. नाक्यावर एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं आणि आम्ही सगळे त्यांना नुसतं मामा म्हणायचो. लाँचच्या इंजिनांपाशी उमर गेल्यामुळे त्यांचे कान गेले होते. साधी चौकशीसुद्धा ते भांडल्यासारखी ओरडून करायचे.

माझी जुनी व्हॅन ठकठक वाजू लागली होती. तिच्यातूनच मी मोरा बंदरातली मासळी वाहायचो. उरणच्या मिस्त्रीने इंजिन उघडायला सांगितलं होतं, म्हणजे ऐन हंगामात धंदा बंद. म्हणून मी व्हॅन मामांकडे आणली.

"चालू कर!" मामा ओरडले. लांब सळईचं एक टोक इंजिनावर टेकवून दुसरं त्यांनी दातांत धरलं आणि डोळे मिटले. सळई हळूहळू सरकत राहिली. एका जागी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इंजिन बरा हाय! पान्याच्या पंपाचा बेरिंग गेलाय!"

इंजिन बंद करून त्यांनी पंपाचा पट्टा काढला आणि पुन्हा चालू करायला लावलं. ठकठक थांबली होती.

"तू पन चाव," मामांनी सळई पुसून पुढे केली.

दातांत धरताच अख्खं इंजिन माझ्या कवटीत शिरलं. झडपांची उघडझाप, पिस्टनची ये-जा, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. मला सळई सोडवेना.