डावऱ्याचा पेला

सत्कार करायला आलेल्या माणसांना डावरा दारातच उभं ठेवी, बाहेर उणे तीस असलं तरी. "राहा थोडे उभे," म्हणे, "मी बरीच वर्षं राहिलोय."

कॅनडात एडमंटनला शिकताना मी त्याच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. तो डाव्या हाताने चेंडू टाकायचा, म्हणून डावरा हे नाव मीच ठेवलं. शहराच्या व्यावसायिक बेसबॉल संघातला तो पहिला काळा खेळाडू. पुस्तकांत त्याचं नाव नाही. पुस्तकांचा विषय निघाला की तो नाकातून नुसतं 'हं' करी.

चहा मात्र एकाच पेल्यात. टवके उडालेला, पोचे आलेला इनॅमलचा पेला. खेळायच्या दिवसांत संघातले बाकीचे सगळे एका ओगराळ्याने पाणी पीत. डावऱ्याचा हा पेला संघाच्या खोलीच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असे. "भेदभाव अजिबात नव्हता," तो म्हणे, "बादली एकच होती." मला हसू आलं नाही. माझ्या आजोबांचा कपही गावच्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात असायचा. हे सांगितलं, तेव्हा त्याने आपला पेला भरून माझ्यापुढे सरकवला. "पी."

कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या वर्षी त्याच्या जुन्या क्लबला अचानक इतिहासाचा उमाळा आला. एक गुळगुळीत सेक्रेटरी पेला मागायला आला. तो काचेच्या कपाटात ठेवायचा होता. डावऱ्याने त्याला चक्क आत बसवलं. "खुशाल न्या. फक्त तो वेगळा का होता, ते खाली लिहा. आधी ती पाटी करून आणा." त्या एका ओळीसाठी म्हातारा किती अधीर झाला होता! रोज विचारायचा, "आला का रे तो?"

आला. सोबत आणलेल्या पाटीवर लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या खेळाडूचा आवडता पेला'.

"सर, फॅमिलीज येतात, लहान मुलं येतात," सेक्रेटरी म्हणाला, "पॉझिटिव्ह ठेवू या ना." जनाची नाही तर मनाची तरी! डावऱ्याने पेला उचलून सिंकवर नेला आणि सेक्रेटरी जाईपर्यंत धूत राहिला.

त्याच हिवाळ्यात तो गेला. क्लबने दाराएवढं पुष्पचक्र पाठवलं. पुढे मी ते कपाट मुद्दाम पाहून आलो. आत बाजारातून आणलेला नवा पेला आहे, टवकेसुद्धा हाताने पाडलेले. असल्या लोकांचा मला आजही संताप येतो.

खरा पेला त्याने जाण्याआधीच मला दिला होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला पहिला चहा मी त्यातच देतो. आधी पिऊ देतो, मग सांगतो.