काउंटरवरची पेनॉबस्कॉट शाळा

विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बरं? 'मला सगळं येतं' म्हणणाऱ्यावर, की 'मला अजून नीट येत नाही' म्हणणाऱ्यावर? सातासमुद्रापलीकडे या ट्रुगानिनात किराणा विकून पाय दुखतात, पण गिऱ्हाइकांचे किस्से गोणीखालच्या डाळीसारखे साचतच जातात. झाडायला वेळ कुणाला आहे.

लुईस अमेरिकेतल्या मेन राज्यातली, पेनॉबस्कॉट लोकांपैकी. लग्न करून इथे आली. पहिल्यांदा दुकानात शिरली तेव्हा तांदूळ राहिला बाजूला, तिने माझी बांबूची परडी उचलून उलटी केली. "आमच्याकडे टोपल्या विणतात. आधी बूड बघायचं." परड्या मी कधीपासून विकतोय, बूड पाहिलं ते त्या दिवशी.

*

एकदा नदीवरून विषय निघाला. ती म्हणाली, "आमचं आणि नदीचं नाव एकच. तिच्या बेटावर आमचं गाव. ती घरातलीच."

मी म्हटलं, "आमच्या सांगलीत कृष्णेची चौकशी फक्त पुरात होते."

मग दोघांनी दुकानामागच्या क्रीककडे, म्हणजे ओढ्याकडे पाहिलं. पाणी नव्हतं. सुपरमार्केटची एक ट्रॉली पडली होती.

*

शनिवारी सकाळी फोनवर तिचा भाषेचा क्लास असतो. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. रांगेत उभी राहून ती शब्द मोठ्याने घोकते. कुलकर्णीकाका आमचे रोजचे गिऱ्हाईक आणि शुद्ध मराठीचे बिनपगारी इन्स्पेक्टर. त्यांनी विचारलं, "पारायण कसलं चाललंय?"

"आजीची भाषा. तिच्या पिढीला शाळेत मारून मारून गप्प केलं. आम्ही आता मोठेपणी शिकतोय. क्लासचा नियम एकच. कोणी अडखळलं तर हसायचं नाही, शब्द पुरवायचा नाही. थांबायचं."

"मग चुका कोण काढणार?"

"आधी बोलू तर दे, मेट." मेट म्हणजे इथला 'मित्रा'.

*

माझ्या रुचाला काकांनी तेवढंही बोलू दिलं नव्हतं. दिवाळीच्या गर्दीत तिचं मराठी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, रांग हसली. तेव्हापासून पोरगी इंग्रजीतच उत्तर देते. सांगलीत माझ्या आईला इंग्रजी येत नाही. व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींना नुसतं हसून दाखवतात. 'मराठीत बोल' म्हणून मी सांगून थकलो.

*

परवा आईचा फोन आला. माझे हात बेसनात, म्हणून रुचाने उचलला. समोर लुईस, तिच्यामागे काका.

"आजी, मी..." म्हणून पोरगी थांबली.

काकांनी तोंड उघडलं. लुईसने वळून आपली भरलेली टोपली त्यांच्या हातात दिली. काकांनी ती धरली, तोंड मिटलं. मागची रांगही थांबली.

"आजी, मी... तुला... एक गंमत सांगू?"

पलीकडून आई म्हणाली, "थांब बाळा, टीव्ही बंद करते."

हे पुढे कुणाला सांगाल तर हिशोब चोख ठेवा. दुकान माझं, पोरगी माझी; पण ही जमा लुईसच्या खात्यावर मांडा.